विषय : गुगल व डिस्कॉर्ड लॉगिनमुळे झालेली दोन खाती एक करणे व दुबार घेतलेली रक्कम परत मिळणे

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

महोदय,

आम्ही जालन्यात लग्नपत्रिका आणि फ्लेक्स बॅनरचे डिझाइन करतो. आपल्या एआय चित्रसेवेचा मासिक प्लॅन डिस्कॉर्डने (गप्पांच्या ॲपने) लॉगिन केलेल्या खात्यावर आहे. पुढे आपण वेबसाइटवर गुगल साइन-इनचे ठळक बटण आणले. ते दाबताच, ईमेल तोच असूनही, काही न विचारता दुसरे रिकामे खाते उघडले. "या ईमेलवर आधीच खाते आहे, जोडायचे का?" एवढा प्रश्न तिथे हवा होता. गुगल आणि डिस्कॉर्ड दोघेही ईमेल पडताळलेला आहे की नाही हे लॉगिनबरोबरच कळवतात. म्हणजे विचारायला अडचण काहीच नव्हती.

रिकाम्या खात्यात प्लॅन दिसेना, म्हणून मुदत संपली असे धरून कामगाराने तो पुन्हा घेतला. आता एकाच कार्डावर दोन ई-मँडेट (दर महिन्याला आपोआप रक्कम कापण्याच्या परवानग्या) चालू आहेत. रक्कम १५,००० रुपयांच्या आत असल्याने दर महिन्याला ओटीपी लागत नाही. बँकेची पूर्वसूचना येते, पण दोन्हींत नाव आपलेच आणि रक्कम तीच. मग कोणते मँडेट बंद करायचे?

सेटिंग्जमध्ये जाऊन डिस्कॉर्ड जोडायला गेले की "हे खाते दुसरीकडे जोडलेले आहे" असे येते. आपला मदत विभाग सांगतो, "दुसरे खाते डिलीट करा." दुसरे म्हणजे कोणते? दोन्हींच्या कोपऱ्यात आमचाच लोगो, खाली एकच ईमेल. जुने खाते उडाले तर पोळ्यापासून १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनापर्यंत केलेली सगळी चित्रे आणि उरलेले क्रेडिट गेले. शिवाय खाते डिलीट केल्याने बँकेतले मँडेट थांबतेच असे नाही, ही सूचना त्या पानावर कुठेच नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे : गुगलचे लॉगिन नव्या खात्यातून मोकळे करून जुन्या डिस्कॉर्ड खात्याला जोडावे. हे आपल्याच बाजूने करावे, आमच्याकडून काही डिलीट करवून नव्हे. नव्या खात्याचे मँडेट रद्द करून तिथे कापलेली सर्व रक्कम त्याच कार्डावर परत करावी. आणि डिलीटच्या पानावर लॉगिनचा प्रकार, प्लॅन व चित्रांची संख्या दाखवावी. हे शेवटचे आमच्यापुरते नाही. एका संगणकावर दोघे-तिघे काम करतात अशा प्रत्येक दुकानात हाच घोळ होणार.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. "हा व्यावसायिक वापर आहे" असे उत्तर कृपया देऊ नये. आम्ही ही सेवा स्वयंरोजगारासाठी घेतली आहे. मुदतीत निवारण न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ.

सोबत दोन्ही पावत्या, बँकेच्या पूर्वसूचना आणि दोन्ही खात्यांच्या प्लॅन पानाचे स्क्रीनशॉट जोडले आहेत. कार्डाचे शेवटचे चार अंक सोडून बाकीचे झाकले आहेत. पूर्ण क्रमांक मागू नये.

आपले ग्राहक,
जालना