तो समुद्र कोकणातला नाही

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तुझा आणि मीराचा दक्षिण कोरियाच्या पूर्व किनाऱ्याने सोकचो ते बुसान जायचा बेत वाचला. मार्ग चांगला आखलाय, तारखा मात्र बदला. जुलैअखेर ते ऑगस्टचा पहिला आठवडा हा तिकडच्या सुट्ट्यांचा कळस. खोल्यांचे भाव चढतात आणि गाड्या भरलेल्या असतात. त्याच्या आधी निघालात तर पावसाळा, म्हणजे त्यांचा ‘चांगमा’, अंगावर घ्याल. ऑगस्टचा दुसरा आठवडा धरा आणि 15 तारखेच्या आत परत या. 15 ऑगस्ट त्यांचाही स्वातंत्र्यदिन, त्या सुट्टीला पुन्हा गर्दी उसळते. फार उशीरही नको, कारण पोहण्याचे किनारे जुलैपासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपासपर्यंतच अधिकृतपणे उघडे असतात. नंतर जीवरक्षक उठतात.

आता समुद्राचं. तू लहानपणापासून तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतेस. ते गणित तिथे कामाचं नाही. मुंबईला उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढतं, सोकचोकडे भरती-ओहोटीतला फरक जेमतेम फूटभर. त्यामुळे किनारा कायम सारखाच दिसतो आणि शांत वाटतो. पण वाळू लवकर संपते आणि तळ झपकन खोल जातो. कमरेएवढ्या पाण्यातून चार पावलं पुढे गेलं की पाय टेकत नाहीत. म्हणून दोरी आणि तरंगत्या गोळ्यांनी आखलेल्या हद्दीच्या आतच राहा.

पाण्यात उतरण्याआधी पाच मिनिटं उभ्या राहून लाटा बघा. सगळीकडे पांढरा फेस फुटतोय आणि मध्येच एका पट्ट्यात फुटत नाही, तिथलं पाणी गढूळ आहे आणि फेस आत ओढला जातोय, असं दिसलं तर तो पट्टा टाळा. नवख्या माणसाला तीच जागा सर्वांत निवांत वाटते. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी तिथूनच परत समुद्रात धावत असतं. चुकून सापडलात तर किनाऱ्याकडे पोहायचं नाही, त्यात फक्त दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर पडायचं, मग वळायचं. दम नसेल तर पाठीवर तरंगत हात हलवायचा.

आणखी एक. चार दिवस दक्षिणेचा वारा वाहिला की वरचं कोमट पाणी आत ढकललं जातं आणि तळाचं थंड पाणी वर येतं. बाहेर तेहतीस अंश असताना पाणी विशीच्या खाली गेलेलं असू शकतं. उडी मारू नका. आधी पाय, मग मान भिजवा. आणि दूरवर वादळ असेल तर इथे आकाश निळंभोर असतानाही मोठ्या लाटा अवचित बांधावर चढतात. बांधालगतच्या चौपायी काँक्रीट ठोकळ्यांवर फोटोसाठी अजिबात चढायचं नाही. शेवाळावरून पाय सटकला की माणूस खालच्या फटीत जातो आणि त्याची हाक वर येत नाही.

जेलीफिश डसली तर समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, गोड्या पाण्याने नाही. चोळायचं नाही.

पावसाचा अंदाज रोज बघ. 31 ऑगस्ट 2002 ला रूसा वादळात तुमच्या वाटेवरच्या गांगनुंग शहरात एका दिवसात 870.5 मिमी पाऊस पडला. आपल्या 26 जुलैला सांताक्रूझला 944 होता. कारणही आपल्यासारखंच: थेबेक डोंगररांग किनाऱ्याला चिकटून उभी आहे, समुद्रावरचा वारा तिला अडतो. अतिवृष्टीचा इशारा लागला की सोकचोजवळच्या सोरकसान डोंगराच्या वाटा बंद होतात, त्यामुळे तिथला उल्सानबावी हा कडा पहिल्याच कोरड्या दिवशी उरकून घ्या. पायथ्याच्या उद्यानापासून वर दोन तास धर. शेवटचा टप्पा सगळा लोखंडी जिन्यांचा, गुडघ्यांना जड. माणशी दीड लिटर पाणी ठेवा.

सोकचोला रेल्वे नाही, सोलहून बसने जायचं. तिथून गांगनुंगही बसनेच. पुढे मात्र रेल्वे: 1 जानेवारी 2025 पासून पोहांग-सामचोक दुवा सुरू झाल्याने गांगनुंगहून थेट बुसानच्या बुजन स्थानकापर्यंत जाता येतं, गाडीप्रमाणे चार ते पाच तास. गाड्या मोजक्याच आहेत. आरक्षण महिनाभर आधी सकाळी सातला उघडतं, त्याच दिवशी घ्या. डाव्या खिडकीची जागा निवडा. समुद्र सर्वांत जवळून दिसतो तो सुरुवातीलाच, जंगदोंगजिनच्या आसपास. पुढे बोगदे फार.

बसचं टी-मनी कार्ड दुकानात रोखीनेच भरावं लागतं, म्हणून थोडे वॉन जवळ असू देत. रस्ता नेव्हर मॅप या तिकडच्या ॲपवर शोधा, गूगल तिथे पायी वाट नीट दाखवत नाही.

मीरा शाकाहारी आहे, तिच्या जेवणाची आधीच सोय बघ. ‘गोगी’ म्हणजे मांस नको म्हटलं तरी रश्शात ‘म्योल्ची’ असते. तो आपल्या मांदेलीच्या कुळातला वाळवलेला मासा, त्याचं पाणी बहुतेक सुपांचा आधार. किमचीतही माशाचं किंवा कोळंबीचं खारवण असतं. गांगनुंगच्या चोदांगमध्ये समुद्राच्या पाण्याने विरजलेला मऊ टोफू मिळतो, सुंदुबू. तो पांढरा, साधा मागवायचा, सोयाचं तिखट वरून. लाल रश्श्यातला सहसा शिंपल्यांसकट येतो. बटाट्याचं धिरडं, गामजाजन, बहुतेक ठिकाणी चालेल. नाकसान्सा या बौद्ध मठात राहिलात तर जेवण पूर्ण शाकाहारी. कांदा-लसूण नाही, आणि वर्ज्य पाच पदार्थांत हिंगही येतो, तेव्हा मीराची हिंगाची डबी बॅगेतच राहू दे.

जीवघेणं काही झालं तर 119, पोलीस 112. भाषेची अडचण आली तर 1330, तिथे इंग्रजीत बोलतात. तिन्ही नंबर दोघींच्या फोनमध्ये आणि एका कागदावरही ठेवा. समुद्रावरून परतलात की रोज एक मेसेज कर.

तुझी,
आई