बोनारच्या स्नानचित्राविषयी

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतील पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयातले फ्रेंच चित्रकार पिएर बोनारचे ते चित्र, टबातली स्त्री आणि पायपुसण्यावरचा लहानसा कुत्रा, पाहून तू विचारलेस की, आंघोळ करणाऱ्या बाईकडे असे पाहणे म्हणजे तिच्या एकांतात शिरणे नव्हे काय. प्रश्न रास्त आहे. मात्र बोनार तिला समोर बसवून रंगवीत नसे, हे आधी लक्षात घे. तो पेन्सिलीने छोटी रेखाटने करी आणि नंतर भिंतीवर टाचलेल्या कॅनव्हासवर आठवणीतून रंग लावी. ही स्त्री म्हणजे त्याची पत्नी मार्था. १८९३ मध्ये त्यांची गाठ पडली, लग्न १९२५ मध्ये झाले आणि पुढच्या वर्षी त्यांनी दक्षिण फ्रान्समधील ल कॅने येथे घर घेतले. हे चित्र त्याने १९४१ मध्ये आरंभले. जानेवारी १९४२ मध्ये मार्था वारली आणि तरीही १९४६ पर्यंत तो त्यावर काम करीत राहिला. म्हणजे बहुतेक काळ, ज्या देहाकडे पाहिल्याचा आरोप तू त्याच्यावर करतेस, तो देह या जगातच नव्हता.

आता प्रकाशाकडे वळते. एखाद्या अवयवावर झोत टाकून तो दाखवावा, असे येथे कोठेही घडलेले नाही. भिंत, फरशी आणि पाणी एकमेकांचे रंग उसने घेत उजळतात, आणि त्या निळ्या-जांभळ्या-पिवळ्या देवघेवीत मार्थाची कांतीही मिसळून जाते, इतकी की तिचा चेहरा धड ओळखूही येत नाही. जवळीक मला तेथे जाणवते. अनोळखी नजर आधी चेहरा आणि बांधा शोधते; एका घरात जन्म काढलेल्या माणसाला त्या दोहोंची गरज उरत नाही. कुत्र्याचेच बघ ना, त्याला या दृश्यात नवल काहीच नाही!

एक गोष्ट मात्र मलाही खटकते. मार्था तेव्हा सत्तरी ओलांडलेली होती आणि चित्रातील देह तरुण आहे. पन्नास वर्षांच्या सहवासानंतर तिच्या सुरकुत्यांना त्या पाण्यात जागा का मिळू नये? बोनारच्या बाजूने मी कितीही बोलले, तरी याचे समाधानकारक उत्तर मला सापडलेले नाही, आणि तुझा आक्षेप या मुद्द्यावर अधिक टिकेल असे वाटते.

तुझी,
आई