क्लेव्हचा वारसा ॲनाचा होता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘ब्रांडेनबुर्गच्या योहान सिगिस्मुंडला लग्नामुळे प्रशिया आणि क्लेव्ह मिळाले’ असे आपल्या पुरवणीतील प्रशियाच्या उदयावरच्या लेखात म्हटले आहे. हे दोन मुलूख वेगवेगळ्या वाटांनी आले. प्रशियाची डची पोलंडच्या राजाच्या मांडलिकीत होती आणि तिच्यावरचा ब्रांडेनबुर्गचा हक्क 1569 मध्येच पोलंडकडून लिहून घेतलेला होता. ऱ्हाइनकाठच्या क्लेव्हची गोष्ट निराळी. तिथला दावा सिगिस्मुंडची पत्नी ॲना (1576–1625) हिच्या आईकडून आला आणि शेवटपर्यंत तिच्याच रक्ताच्या नात्यावर उभा राहिला.

यूलिश, क्लेव्ह, बेर्ग या तीन डची (ड्यूकचे मुलूख) आणि मार्क, राव्हेन्सबेर्ग या जहागिरी एकाच घराण्याकडे होत्या. ड्यूक विल्हेल्मला सम्राट पाचव्या चार्ल्सने 1546 मध्ये सनद दिली : पुरुषवंश खुंटल्यास वारसा मुलींना, त्या हयात नसल्यास त्यांच्या मुलग्यांना. त्याची थोरली मुलगी मारिया एलेओनोर, म्हणजे सिगिस्मुंडच्या ॲनाची आई, प्रशियाच्या ड्यूककडे दिली, तेव्हा लग्नकरारात भाऊ निपुत्रिक गेल्यास सारा मुलूख तिला आणि तिच्या वंशाला असे ठरले. तिची धाकटी बहीण, तिचेही नाव ॲनाच, नॉयबुर्गच्या राजघराण्यात गेली. तिने थोरलीच्या वंशापुरते हक्कसोडपत्र लिहून दिले.

बहिणींचा भाऊ ड्यूक योहान विल्हेल्म मनोरुग्ण होता. त्याची पहिली पत्नी, बाडेनची याकोबे, 1597 मध्ये मूल न होताच वारली. दुसऱ्या पत्नीलाही मूल झाले नाही. 25 मार्च 1609 ला ड्यूक वारला आणि घराणे संपले.

खरी मेख इथे आहे. मारिया एलेओनोर भावाच्या आधी, 1608 मध्ये गेली होती. तिचे दोन्ही मुलगे तान्हेपणीच वारले होते, उरल्या फक्त मुली. म्हणून नॉयबुर्गकर म्हणाले, सनदेत मुलगी नाही तर तिचा मुलगा एवढेच आहे, नातीचा उल्लेख नाही. आज हयात असलेली थोरली बहीण आमची, आणि तिला मुलगाही आहे. ब्रांडेनबुर्गकर म्हणाले, लग्नकरारात ‘वंश’ आहे, त्यात मुलगी येते, आणि तुमच्या आईने तर हक्कावर पाणी सोडले आहे. म्हणजे आमच्या ॲनाचा सामना मावशीशी आणि मावसभाऊ वोल्फगांग विल्हेल्मशी होता. नॉयबुर्गची सनद आणि ब्रांडेनबुर्गचा करार, दोन्ही कागद खरे होते. म्हणूनच वाद सुटेना. त्यात सॅक्सनीकडे या वारशाचे 1483 पासूनचे सम्राटाचे आश्वासन होतेच, आणि तिथल्या योहान गेओर्गची पत्नी ॲनाचीच सख्खी बहीण!

कब्जा मात्र निकालाची वाट पाहत नाही. एप्रिल 1609 मध्येच दोघांच्या माणसांनी गावोगावच्या दारांवर आपापली राजचिन्हे लावली. जून 1609 मध्ये डॉर्टमुंड येथे दोघांनी तात्पुरता संयुक्त कारभार मान्य केला. सम्राटाने पाठवलेल्या आर्चड्यूक लिओपोल्डने यूलिशचा किल्ला घेतला, तो 1610 मध्ये वेढा घालून सोडवावा लागला. पुढे वोल्फगांग विल्हेल्म कॅथलिक झाला, सिगिस्मुंडने 1613 च्या नाताळात कॅल्व्हिनपंथ घेतला आणि संयुक्त कारभार फुटला. ॲना लुथरपंथीच राहिली. नवऱ्याच्या धर्मांतराने तिच्या वारसाहक्काला धक्का लागला नाही, कारण तो नवऱ्याचा नव्हताच. 12 नोव्हेंबर 1614 च्या झांटेन करारात क्लेव्ह, मार्क, राव्हेन्सबेर्ग ब्रांडेनबुर्गकडे आणि यूलिश, बेर्ग नॉयबुर्गकडे गेले. वाटणी पक्की व्हायला 1666 उजाडले.

ऱ्हाइनकाठी होहेनझोलर्नांचे, म्हणजे ब्रांडेनबुर्गच्या राजघराण्याचे, पाऊल पडले ते या ॲनामुळे. लेखासोबतच्या वंशावळीत मात्र केवळ पुरुषांची नावे आहेत. पुढच्या वेळी मुलींची नावे जन्म-मृत्यूच्या वर्षांसह द्यावीत. निदान मारिया एलेओनोरचे 1608 आणि तिच्या भावाचे 1609 शेजारी छापावे. त्या दोन आकड्यांखेरीज हा वाद वाचकाला कळणार नाही.

आपले,
युरोपीय इतिहासाचे दोन अभ्यासक, पुणे