इन्सुलिनच्या भीतीपोटी वाया जाणारे दिवस

महोदय,

माझ्या थोरल्या बंधूंचा रक्ततपासणीचा अहवाल वर्षभर देव्हाऱ्याच्या खणात घडी घालून पडून होता. उपाशीपोटी साखर २८६. डॉक्टरांनी काही आठवडे इन्सुलिन घ्यायला सांगितले होते. पण ‘एकदा सुई लागली की जन्मभर सुटत नाही’ या समजापायी त्यांनी कारल्याचा रस आणि भिजवलेल्या मेथ्यांवर भागवले. त्या वर्षात आत काय बिघडत होते, हे आम्हाला फार उशिरा कळले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

स्वादुपिंडातील बीटा पेशी रक्तातील ग्लुकोजचा अंदाज घेऊन इन्सुलिन स्रवतात. साखर सतत चढीच राहिली, तर त्यांना अहोरात्र राबावे लागते, साठ्यातले इन्सुलिन संपत जाते, आणि ग्लुकोज जळताना निर्माण होणारे ऑक्सिजनचे घातक अंश निष्प्रभ करणारी विकरे (एन्झाइम) याच पेशींत मुळात फार कमी असल्याने इन्सुलिन घडवणाऱ्या जनुकाचे कामही मंदावते. इन्सुलिन कमी पडते म्हणून साखर चढते, आणि चढलेली साखर इन्सुलिन आणखी घटवते. ब्रिटनमधील यूकेपीडीएस या दीर्घ अभ्यासात तर टाइप २ मधुमेहाचे निदान होते तेव्हाच या पेशींची क्षमता सुमारे निम्म्यावर आलेली आढळली.

दिलासा असा, की सुरुवातीच्या काळात यातल्या बऱ्याच पेशी मेलेल्या नसतात, थकलेल्या असतात. चीनमध्ये नव्याने निदान झालेल्या ३८२ रुग्णांवरील अभ्यास २००८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. साखर दोन आठवडे आटोक्यात ठेवून सर्व औषधे थांबवली, तेव्हा वर्षानंतरही औषधाविना साखर काबूत असलेल्यांचे प्रमाण पंपाने इन्सुलिन घेतलेल्यांत सुमारे ५१ टक्के, इंजेक्शने घेतलेल्यांत ४५ टक्के आणि गोळ्या घेतलेल्यांत २७ टक्के होते. म्हणजे ज्या सुईला आपण जन्मठेप समजतो, तीच वेळेवर घेतली तर अनेकांची सुटते. अर्थात कुणाला ती द्यायची, हे डॉक्टरांनीच ठरवायचे.

बंधू आता दिवसातून दोनदा इन्सुलिन घेतात. लवकर सुरू केले असते तर ते सुटलेच असते, असा माझा दावा नाही. पण ‘ही सुई तुमच्या दमलेल्या पेशींना विसावा देण्यासाठी आहे’ एवढे एक वाक्य त्या दिवशी कुणी त्यांना समजावून सांगितले असते, तर तो अहवाल खणात गेला नसता.

– एक वाचक, सातारा