जंबूरवाल्या काकांना

काका, नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. ‘आमचं नाव कुठं टाकू नका, उगाच डोक्याला ताप’ असं तुम्हीच म्हणाला होतात. पण नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या कोपऱ्यावरचे लोक ओळखतीलच: अतिक्रमण पथकाच्या गाडीतून उतरणारे, खिशात जंबूर बाळगणारे काका.

वाढदिवसाचा तो फ्लेक्स नेमका वळणावर होता. मधे एक मोठा चेहरा, भोवती शुभेच्छुकांचे चौतीस (मुलीने मोजले होते). त्यामागून येणारी रिक्षा दिसायचीच नाही. एकदा मुलगी सायकल वळवताना थोडक्यात वाचली. वाढदिवस होऊन तीन आठवडे झाले, तरी शुभेच्छा उतरेनात. सोसायटीत विषय काढला की सगळे आधी विचारायचे, ‘कोणाचा आहे ते बघितलं का?’

मी तक्रार केली, पण पत्ता लिहिला ‘शाळेजवळचा कोपरा’. आमच्या भागात शाळांना काय तोटा? तुमची गाडी भलत्याच कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली. तुम्ही फोन केलात. आता बोलणी बसणार असं वाटलं, तर तुम्ही शिकवायलाच लागलात. फोटो दोन काढायचे. एक लांबून, त्यात खांबाचा नंबर आणि शेजारचं दुकान यायला हवं. दुसरा जवळून, परवानगी क्रमांक आणि मुदत छापतात त्या जागेचा. तिथे काहीच नसेल तर त्या कोऱ्या जागेचाच. आणि मग म्हणालात, ‘ताई, तक्रार माणसाची करू नका, जागेची करा.’ माझी निम्मी भीती तिथेच गेली.

मी नंतर कायदाही वाचला. मालमत्ता विद्रूपण रोखण्याचा राज्याचा कायदा १९९५ सालचा आहे: तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बेकायदा फलकांवर मुंबई उच्च न्यायालयाचा सविस्तर निकाल ३१ जानेवारी २०१७चा. एवढं सगळं कागदावर असलं तरी शेवटी कोणीतरी शिडीवर चढून सुतळी कापावी लागते. ते तुम्ही केलंत. नुसता फ्लेक्स फाडून गाडी निघेल असं वाटलं होतं, पण तुम्ही लाकडी सांगाडाही सोडवायला घेतलात. ‘सांगाडा ठेवला की रात्रीत दुसरा चढतो,’ म्हणालात. मग बांबूच्या बुडाशी हात घालून तो किती हलतो ते आम्हाला दाखवलंत. १३ मे २०२४ला घाटकोपरला वादळी वाऱ्यात होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळून १७ माणसं गेली, तेव्हापासून वारा सुटला की मी वर बघत चालते. आता खालीही बघते.

पण हे पत्र खरं तर खिळ्यांसाठी आहे.

कोपऱ्यावरच्या कडुनिंबाला क्लासेस, पेइंग गेस्ट, प्लॉट, मूळव्याध असे सगळे बोर्ड ठोकलेले. बोर्ड त्याच दिवशी गाडीत गेले, खिळे खोडातच राहिले. रविवारी तुम्ही सुट्टीच्या दिवशी जंबूर घेऊन एकटे आलात. ओढायच्या आधी प्रत्येक खिळा जरासा हलवून सैल करत होतात, साल सोलू नये म्हणून. काही इतके जुने की साल त्यांच्यावर चढलेली. ते तुम्ही तसेच ठेवलेत. ‘आता ते झाडाचेच झाले,’ म्हणालात. बाकीचे मुलीने बोर्नव्हिटाच्या डब्यात गोळा केले. ६३ निघाले. इतकी वर्षं त्या झाडाखाली मी भाजी निवडून घेतेय आणि मला एकही दिसला नव्हता.

त्या दिवशी मी चहाचं विचारलं, तर ‘पुढच्या वेळी’ म्हणून निघालात. आभार मानायचे राहूनच गेले. आज मानते, सगळ्यांसमोर.

बोर्ड लागायचे थांबले असं नाही. सिंहस्थ २०२७चा, स्वागताचे फ्लेक्स मात्र आत्तापासून. गेल्या गुरुवारी आपल्या कडुनिंबावरही क्लासचा बोर्ड परत आला, पण सुतळीने बांधलेला. ठोकलेला नाही, ही प्रगतीच म्हणायची. दोन फोटो काढून तक्रार टाकली आहे, खांबाच्या नंबरासकट.

आणि हो, तुमचा जंबूर आमच्याकडेच राहिलाय. या भागात याल तेव्हा घेऊन जा. या वेळी चहा घेतल्याशिवाय तो मिळणार नाही.

तुमची,
कोपऱ्यावरची ताई