आमदारसाहेब, चौदाव्या पानावरचा माझ्या आईचा फोटो काढा

मा. आमदारसाहेब,
स.न.वि.वि.

विषय : आपल्या राजकीय कारकिर्दीच्या पुस्तिकेत छापलेला माझ्या आईचा फोटो काढण्याबाबत, आणि आमच्या गल्लीच्या पाण्याबाबत.

साहेब, वर तुमचं नाव मुद्दामच घातलेलं नाही. नाव घातलं की पत्र राहतं बाजूला आणि हा कुणाचा माणूस, कुणी लिहायला लावलं, एवढ्यावरच चर्चा चालू होते. ज्यांच्या वाढदिवसाला सोलापूरच्या हद्दवाढ भागात घरोघरी चकचकीत कागदाची पुस्तिका वाटली गेली, त्यांना हे पत्र कुणाला आहे ते कळलं असेल.

मंगळवारी ती पुस्तिका आमच्या दारात पडली होती. मी दवाखान्यातनं आईचं लुगडं आणि चादर न्यायला घरी आलतो, कुलूप काढता काढता उचलली आणि पिशवीत टाकली. रात्री वॉर्डाच्या बाहेर बाकड्यावर बसून चाळली. पहिली निवडणूक, दुसरी निवडणूक, गुलालातले फोटो, मोठ्या नेत्यांच्या शेजारी उभं राहिलेले फोटो. आणि चौदाव्या पानावर आमची आई. हातात ताट, निरांजन, तुमच्या कपाळाला कुंकू लावतीय. खाली छापलंय, "माता-भगिनींचा अखंड आशीर्वाद". साहेब, त्याच हाताला त्या वेळी आत सलाईन चालू होतं.

आता तुम्हाला सांगतो काय झालं ते. आमच्याकडं पाणी चार दिवसाआड येतं, त्या आठवड्यात सहाव्या दिवशी आलं, तेही रात्री अडीचला. चावीवाला कधी चावी फिरवंल याचा नेम नाही म्हणून आई आदल्या रात्रीपासनं जागीच असती. नळाला प्रेशर नाही, वर चढतच नाही पाणी, म्हणून गल्लीतल्या सगळ्यांनी दारापुढं कमरेएवढे खड्डे खणून नळ खाली घेतलेत. खड्ड्यात उतरायचं, लोटीनं कळशी भरायची, कळशी वर द्यायची, परत उतरायचं. माझी त्या दिवशी कारखान्यात रातपाळी होती, मी असतो तर ती उतरलीच नसती. चौदा कळश्या भरून झाल्या होत्या म्हणे, पंधरावी वर ठेवताना शेवाळलेल्या फरशीवरनं पाय गेला आणि ती खड्ड्याच्या कडेवर कंबरेवर पडली. खुबा मोडला. शेजारच्या पोरानं मला फोन केला तेव्हा मागनं तिचा आवाज ऐकू येत होता, "नळ बंद करा आधी, पाणी वाया चाललंय". ते काय माझ्या कानातनं जात नाही.

आई ६८ वर्षांची आहे. चाळीस वर्षं विड्या वळल्या तिनं. मांडीवर सूप, सुपात पाला आणि तंबाखू, हजार विड्या झाल्याशिवाय उठायचं नाही, आणि कारखान्यात नेल्या की त्यातल्या छाट म्हणून काढलेल्या विड्यांचे पैसे नाहीत ते नाहीतच. आता तिला पीएफची पेन्शन मिळती. सप्टेंबर २०१४ ला सरकारनं किमान पेन्शन १००० रुपये केली, तेव्हापासनं तेवढ्यावरच आहे. आणि महाराष्ट्रात माजी आमदाराला एका टर्मवर महिन्याला ५०,००० रुपये पेन्शन आहे, जास्त वर्षं काढली की वर भर पडत जाती. म्हणजे तिची चार वर्षांची पेन्शन पण तुमच्या एका महिन्याला पुरी पडत नाही. पेन्शन तुम्हाला मिळू नये असं मी म्हणत नाही. पण हा ठराव सभागृहात येतो तेव्हा सत्ताधारी-विरोधक मिनिटात एक होतात, आणि १००० रुपयेवाले म्हातारे वर्षानुवर्षं मोर्चे काढतात तेव्हा ते केंद्राचं आहे म्हणून तुम्ही हात झटकता, हे कसं काय ओ?

तो फोटो कधीचा आहे ते मला चांगलं माहितीय, कारण ती सभा मीच लावली होती. गेल्या विधानसभेला, मतदानाच्या आठ दिवस आधी, आमच्या मारुतीच्या देवळापुढं. खुर्च्या मी आणल्या, स्पीकर मी आणला. आईनं ओवाळलं, तुम्ही वाकून तिच्या पाया पडलात आणि माईकवर म्हणालात, "आई, सिद्धेश्वराची पुढची गड्डा जत्रा भरायच्या आत तुमच्या नळाला एक दिवसाआड पाणी नाही आलं तर मी मत मागायला परत या गल्लीत येणार नाही." पीएला सांगून डायरीत लिहून पण घेतलंत. ती माझ्याकडं बघून हसली होती, तिला वाटलं पोरानं काहीतरी करून दाखवलं. गड्डा भरला, नंदीध्वज निघाले, अक्षता झाल्या, शोभेचं दारूकाम झालं आणि तुमचा शुभेच्छांचा बॅनर पण लागला. पाण्याचं काय? पाच वेळा तुमच्या संपर्क कार्यालयात आलो. दोनदा साहेब मुंबईला, एकदा लग्नाला, एकदा "निवेदन देऊन जा", आणि पाचव्यांदा पीए म्हणाला, "तुमच्या गल्लीतनं लीड कमी मिळालं ना यंदा?" साहेब, खरं सांगतो, त्या दिवशी मी गाडीला किक मारायचं पण विसरून तसाच उभा राहिलो.

कारण लीडचं मला कुणी सांगू नये. तुमच्या पहिल्या निवडणुकीला मी १९ वर्षांचा होतो. याद्या फोडून मतदार चिठ्ठ्या हातानं लिहिल्या, जीप नव्हती तर सायकलीवर वाटल्या, भिंती रंगवल्या. त्यानंतर प्रत्येक निवडणुकीला पोलिंग एजंट म्हणून सकाळी साडेपाचला बूथवर गेलो, मॉक पोलपासनं मशीन सील होईपर्यंत जागचा हललो नाही. मतमोजणीनंतर बूथवार आकडे वहीत उतरून ठेवलेत मी. आमच्या बूथवर तुम्ही एकदाही मागं नव्हता. तुम्ही पडलात त्या निवडणुकीत पण नाही! गळ्यातला गमछा बदलून तुम्ही दुसऱ्या पक्षात गेलात तेव्हा आदल्या दिवसापर्यंत ज्यांना शिव्या दिल्या त्यांच्याच दारात मी मत मागायला गेलो, लोकं तोंडावर हसले, तरी गेलो. पुस्तिकेत त्या पक्षबदलाला "विकासासाठी घेतलेला धाडसी निर्णय" असं लिहिलंय आणि पडलेल्या निवडणुकीला पानच नाहीये. आम्हाला पडलेली निवडणूक पण आठवती. त्या रात्री तुमच्या दारात आम्ही सातजणंच होतो आणि तुम्ही म्हणालात, "हीच माझी खरी माणसं." त्या सातातला मी एक.

पडलेली निवडणूक लपवायची गोष्ट नसती. आपल्याच जिल्ह्यात सांगोल्याला गणपतराव देशमुख, आपले आबासाहेब, होऊन गेले. १९६२ ला पहिल्यांदा आमदार झाले, ११ वेळा निवडून आले, पक्ष एकच, शेतकरी कामगार पक्ष, मतदारसंघ एकच. १९७२ ला पडले, १९९५ ला फक्त १९२ मतांनी पडले, तरी झेंडा खाली ठेवला नाही. एसटीनं फिरायचे, हे आमच्या वडलांनी स्वतः डोळ्यांनी बघितलेलं, स्टँडवर माणसासारखं माणूस उभं. दोनदा मंत्री होते तरी ३० जुलै २०२१ ला गेले तेव्हा लोकांनी मंत्रिपद नाही आठवलं, दुष्काळी तालुक्यात पाण्यासाठी केलेलं भांडण आठवलं. आबासाहेबांच्या शोकसभेत तुम्ही पण भाषण केलंत, "माझे आदर्श" म्हणालात. मी टाळ्या वाजवल्या होत्या.

आणि मी काय लाल बावट्याचा माणूस नाही, आयुष्यभर तुमच्याच मागं फिरलो, पण कम्युनिस्ट पक्षाच्या नरसय्या आडम मास्तरांचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. १९७८, १९९५, २००४ असे तीनदाच आमदार झाले, नंतर पडत गेले. तरी सोलापूरजवळच्या कुंभारीत विडी कामगार बायकांसाठी १०,००० घरं झाली, २००६ ला पंतप्रधान मनमोहन सिंग येऊन गेले. मग असंघटित कामगारांची ३०,००० घरांची रे नगर, त्यातल्या १५,००० घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान मोदींच्या हातून दिल्या. आमदारकी नसताना माणूस दिल्लीपर्यंत पाठपुरावा करत राहिला. आईच्या बरोबर विड्या वळणारी एक बाई तिथं राहायला गेली, आईला म्हणली होती तू पण फॉर्म भर. मीच नको म्हणलं. म्हणलं आपले आमदार आहेत की, आपल्याच गल्लीत सगळं होईल. ही चूक माझी आहे, आणि तिची भरपाई आई करतीय.

हद्दवाढ १९९२ ला झाली साहेब. तेव्हापासनं आम्ही महापालिकेला घरपट्टी-पाणीपट्टी भरतोय. पाणीपट्टी अख्ख्या वर्षाची घेतात, पाणी किती दिवसांचं देतात ते मोजा एकदा, पाचव्या दिवशी एकदा धरलं तर वर्षाला ७३ दिवस. उजनी ११७ टीएमसीचं धरण, पावसाळ्यात शंभर टक्के भरलं की तुम्ही लोकं जलपूजनाला साडी-चोळी घेऊन जाता आणि त्याच वेळी शहरात बायका कळश्या घेऊन जागत असतात. २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत सोलापूरचं नाव आलं, देशात ९ वा नंबर, आम्ही फटाके उडवले होते. नंतर उजनीहून शहरापर्यंतची समांतर जलवाहिनी, समांतर जलवाहिनी हा शब्द ऐकून ऐकून आमची पोरं दहावी पास झाली. पाईप कितीही मोठी टाका, गल्लीतली जुनी तीन इंची लाईन आणि तिच्यावर डायरेक्ट लावलेल्या मोटारी तशाच राहिल्या तर आमच्या टोकाला काय येणार? हे मी इंजिनिअर नसताना कळतंय. विचारायचं तर कुणाला? मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली, प्रशासक बसला आणि वर्षानुवर्षं निवडणूकच झाली नाही. त्या काळात आम्हाला आमदार सोडून दुसरं कोणच नव्हतं.

आणि आमदार कशात होते? जून २०२२ आठवा. शिवसेना फुटली आणि अख्खा महाराष्ट्र सुरत आणि गुवाहाटीला गेलेले आमदार बघत होता. आपल्या जिल्ह्यातल्या आमदारांचं फोनवरचं झाडी-डोंगाराचं बोलणं गल्लीतली पोरं नाचून म्हणत होती आणि मी पण हसलो, खोटं बोलत नाही. पण नंतर हसू गेलं. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ चा, एक तृतीयांश फुटायची सवलत २००३ ला काढली म्हणून आम्हाला वाटलं आता आळा बसेल. कुठलं काय. ११ मे २०२३ ला सुप्रीम कोर्टानं प्रकरण विधानसभा अध्यक्षांकडं दिलं, अध्यक्षांनी १० जानेवारी २०२४ ला निकाल दिला आणि दोन्हीकडचा एकही आमदार अपात्र नाही. २०२३ च्या जुलैत राष्ट्रवादी फुटली, तिथं पण तेच. मग आम्ही शाई लावून येतो ती कशाला? माणसाला मत दिलं का चिन्हाला का पक्षाला, हेच कळंना झालंय. आमच्या कारखान्यात एखादा उचल घेऊन दुसऱ्या मालकाकडं गेला तर त्याला अख्ख्या बाजारात कोण उभं करत नाही, आणि तुमच्यात त्यालाच मंत्री करतात.

तुमची सगळी प्रतिज्ञापत्रं मी मोबाईलवर बघितली. प्रत्येक निवडणुकीला जमिनीच्या रकान्यात ओळी वाढत गेल्यात. चांगलं आहे, तुमच्या कष्टाचं असंल. पण त्याच सगळ्या निवडणुकांत आमच्या घरात वाढलेली गोष्ट म्हणजे दोन प्लॅस्टिकचे बॅरल, पाणी साठवायला. आमदार निधी आता वर्षाला ५ कोटी आहे म्हणतात. आमच्या भागात तो कुठं दिसतो? कमानीवर तुमच्या वडलांचं नाव, बसायच्या बाकड्यांवर तुमचं नाव. गल्लीतली लाईन जमिनीखाली जाती, तिच्यावर नाव घालता येत नाही, म्हणून तिला निधी नाही का?

जास्त बोललो असंल तर बोललो. ऑपरेशनला उसनवारी केली, चार आठवडे कामावर गेलो नाही, बायको आईचं सगळं अंथरुणातच करती आणि रात्री मी खड्ड्यात उतरतो. आई अजून तुमच्यावर रागावलेली नाही, हे मला जास्त लागतं. परवा विचारत होती, साहेब भेटायला येऊन गेले का, मी झोपले होते का तेव्हा?

माझं मागणं एवढंच आहे. आमच्या गल्लीची लाईन बदलायचा प्रस्ताव कुठल्या टेबलावर आहे ते लेखी कळवा. नसलाच तर तसं कळवा, मग मी परत विचारायला येणार नाही. येत्या अधिवेशनात सोलापूरच्या पाण्यावर तारांकित प्रश्न टाका, पुस्तिकेत पाण्यावर विचारलेला एकही प्रश्न मला सापडला नाही. आणि तो फोटो काढा. पुस्तिका वाटून झाल्या, त्या काय परत येत नाहीत, पण तोच फोटो मोठा करून चौकातल्या बॅनरवर लावलाय, रोज दवाखान्यात जाताना त्याच्याखालनंच जावं लागतं. माझी परवानगी कुणी विचारली नव्हती, आईची पण नाही. रविवारपर्यंत उतरवा, नाहीतर मी शिडी लावून तिच्यापुरता कापून घेणार आहे, मग माझ्यावर काय गुन्हा दाखल करायचा तो करा.

पुस्तिका या पत्राबरोबर तुमच्या कार्यालयात परत देतोय. चौदावं पान त्यातनं काढून घेतलंय.

आपला,
तुमच्या त्या सातातला एक
हद्दवाढ भाग, सोलापूर