शनिवारचा प्लेबॅक प्रयोग

मंडळी, येत्या शनिवारी रात्री ८ वाजता समाजमंदिरात प्लेबॅक नाटकाचा प्रयोग आहे; म्हणजे प्रेक्षकांतला कुणी स्वतःची गोष्ट सांगतो आणि नट ती तिथल्या तिथे करून दाखवतात. चारही नट, वादक आणि सूत्रधार यांनी ६ वाजताच यावे. वेचणीवरून थेट आलात तरी चालेल, चहा तिथेच होईल.

- सतरंजी अर्धगोल अंथरा. सांगणाऱ्याची खुर्ची सूत्रधाराच्या शेजारीच. नटांना वेशासाठी लागणाऱ्या ओढण्या खुंटीवर.
- आधी एकेका मिनिटाची भावशिल्पं (सांगितलेली भावना हालचाल-आवाजातून दाखवणं), मग मोठी गोष्ट. पहिल्याच माणसाकडून कर्जाची किंवा मरणाची गोष्ट काढू नका. लोक मिटून जातात.
- स्वतःची भूमिका कोण करणार, हे सांगणाराच निवडेल.
- सूत्रधाराने "चला, पाहूया" म्हटल्यावर कुजबुज बंद. नट आपसात ठरवत बसले की ऐकलेले शब्द निसटतात.
- पदरची भर, उपदेश, हशासाठी गंमत नको. शेवटी सगळ्यांनी सांगणाऱ्याकडे पाहायचं.

ऐकलेली गोष्ट पारावर नेऊ नये, ही कळकळीची विनंती.